स्फोटाची लाट किती दूर जाते? एनिवेटाक, १९५२

१९५२ च्या उत्तरार्धात अमेरिका प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवर पहिल्या मोठ्या हायड्रोजन स्फोटाची तयारी करत होती. जागा होती एनिवेटाक हे कंकणाकृती प्रवाळद्वीप आणि त्याच्या कड्यावरचे एलुगेलाब हे चिमुकले बेट. स्फोटाचे सांकेतिक नाव ‘माइक’. प्रकाश, उष्णता, हवेतला दाब, किरणोत्सार यांची मोजमापे कशी करायची हे बऱ्यापैकी ठरले होते. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांना मात्र पाण्याची काळजी होती. या स्फोटाने समुद्रात लाट उठली आणि ती हजारो किलोमीटर दूरच्या सखल बेटांपर्यंत गेली तर काय करायचे, हा त्यांचा प्रश्न होता.

आज उत्तर माहीत असल्यामुळे हा प्रश्न भाबडा वाटू शकतो. तेव्हा तो भाबडा नव्हता. उत्तर कसे मिळाले ते नीट पाहिले, तर समुद्राच्या लांब लाटांबद्दलची एक मूलभूत गोष्ट उलगडते.

हवाईची आठवण ताजी होती

१ एप्रिल १९४६ रोजी अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांपाशी भूकंप झाला. त्याची त्सुनामी काही तासांनी हवाई बेटांवर आदळली आणि तिथे १५९ माणसे गेली. कुणालाही पूर्वसूचना मिळाली नव्हती. त्यानंतर तीनच महिन्यांनी, जुलै १९४६ मध्ये, मार्शल बेटांतल्याच बिकिनीला ‘क्रॉसरोड्स’ या अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या. समुद्राचा तळ फुटेल, महाकाय लाट अमेरिकेचा किनारा गिळेल, अशा वावड्या इतक्या पसरल्या होत्या की मोहिमेचे प्रमुख अ‍ॅडमिरल ब्लँडी यांना जाहीरपणे लोकांची समजूत घालावी लागली. वावड्या अतिशयोक्त होत्या, पण त्यांच्यामागची भीती हवाईतल्या हिलो शहराच्या उद्ध्वस्त किनाऱ्यावरून आली होती. प्रवाळद्वीपांची जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच असते. तिथे मोठी लाट आली तर पळून जायला टेकडीसुद्धा नसते.

बेकरचे आकडे

क्रॉसरोड्समधला दुसरा स्फोट, ‘बेकर’, २५ जुलै १९४६ रोजी बिकिनीच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळकड्याच्या आतल्या उथळ पाण्यात, २७ मीटर खोलीवर झाला. तिथे लगूनची खोली सुमारे ५५ मीटर होती आणि स्फोटाची शक्ती २० किलोटनांहून थोडी अधिक (एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी या स्फोटकाएवढी, एक मेगाटन म्हणजे दहा लाख टनांएवढी). या स्फोटाच्या लाटांची मोजणी बारकाईने झाली. स्फोटबिंदूपासून ३०० मीटरवर लाटेची उंची २८.७ मीटर, ६०० मीटरवर १४.३, १,२२० मीटरवर ७.३, १,८३० मीटरवर ४.९ आणि ३,६६० मीटरवर २.७ मीटर. या पाच ठिकाणी लाट पोचायला अनुक्रमे ११, २३, ४८, ७४ आणि १५४ सेकंद लागले.

या आकड्यांपाशी थोडे थांबावे असे मला वाटते, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यांत आहे. आधी वेग पाहू. ३०० मीटरपासून ३,६६० मीटरपर्यंतचे अंतर लाटेने १४३ सेकंदांत कापले, म्हणजे सेकंदाला साडेतेवीस मीटर. उथळ पाण्यातल्या लांब लाटेचा वेग पाण्याची खोली आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाएवढा असतो. ५५ मीटर खोलीसाठी तो निघतो सेकंदाला २३.२ मीटर. अणुबॉम्बने उठवलेली असली, तरी ती लाट शेवटी पाण्याच्याच नियमांनी चालत होती.

आता उंची. अंतर दुप्पट झाले की उंची जवळपास निम्मी होते. वरच्या प्रत्येक जोडीत अंतर आणि उंची यांचा गुणाकार केला तर तो साडेआठ ते दहा हजारांच्या आसपासच राहतो. वर्तुळाकार पसरणाऱ्या लाटेची ऊर्जा वाढत्या परिघावर वाटली जाते. तेवढे एकच कारण असते, तर उंची अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटली असती. इथे घट त्याहून वेगाने होते, कारण लाटांची रांग पुढे जाता जाता स्वतःही लांबत जाते: वेगवेगळ्या आवर्तकालाच्या (लाटेचा एक शिखर गेल्यावर पुढचा येईपर्यंतचा वेळ) लाटा वेगवेगळ्या वेगाने चालतात आणि एकमेकींपासून सुटत जातात. भौतिकीत याला अपस्करण म्हणतात.

या दोन नियमांतला फरक जवळच्या अंतरावर फारसा जाणवत नाही, दूरवर मात्र प्रचंड होतो. बिकिनीच्या उत्तरेला सुमारे ८६५ किलोमीटरवर वेक बेट आहे. बेकरचा ३०० मीटरवरचा आकडा घेऊन निव्वळ वर्गमुळाच्या नियमाने हिशेब केला, तर वेकपाशी अर्ध्या मीटरहून थोडी जास्त उंची येते. प्रत्यक्ष दिसलेल्या नियमाने केला तर येतो एक सेंटिमीटर. हा कागदावरचा हिशेब आहे. वाटेतले प्रवाळ कडे, उथळ लगूनमधून एकदम हजारो मीटर खोल पाण्यात उतरताना लाटेचे होणारे परावर्तन आणि घटणारी उंची, यांतले काही त्यात धरलेले नाही. खरी लाट त्याहून लहानच असणार.

बेकरच्या एकूण ऊर्जेपैकी लाटांमध्ये गेलेला वाटा ०.३ ते ०.४ टक्के होता, असा अंदाज नंतर काढला गेला. स्फोट पाण्याखाली झाला असूनही एवढाच. बाकीची ऊर्जा उष्णतेत, वाफेत, दाबलहरींत आणि वर उसळलेल्या पाण्याच्या खांबात गेली.

मग १९५२ मध्ये भीती कशाची?

बेकरचे आकडे हाताशी असताना माइकच्या वेळी शास्त्रज्ञांची झोप का उडावी? स्फोट तर बेटाच्या पृष्ठभागावर व्हायचा होता, पाण्याखाली नव्हे.

कारण होते प्रवाळद्वीपाची रचना. त्याच वर्षी एनिवेटाकवर खोल विंधनविवरे घेतली गेली होती. सुमारे १,३०० ते १,४०० मीटर जाडीच्या प्रवाळी चुनखडकाखाली ज्वालामुखीचा बसाल्ट लागला. प्रवाळद्वीपे खचत जाणाऱ्या ज्वालामुखींच्या माथ्यावर वाढतात, हे डार्विनचे शंभर वर्षांपूर्वीचे अनुमान त्यातून सिद्ध झाले. याचाच दुसरा अर्थ असा की एनिवेटाक हा चार-साडेचार हजार मीटर खोल तळातून उठलेला, उभ्या उताराचा डोंगर आहे आणि त्याच्या खांद्यावर चुनखडकाची थोरली रास आहे. दहा मेगाटनांच्या धक्क्याने त्या उताराचा एखादा भाग सुटून खाली घसरला तर? बॉम्ब स्वतः पाणी हलवेल ते किलोमीटर-दोन किलोमीटरच्या टापूत. डोंगराची कूस घसरली, तर हलणाऱ्या पाण्याचे क्षेत्र कितीतरी मोठे होईल आणि मग बेकरचा हिशेब लागू पडणार नाही. उपाय एकच होता, प्रत्यक्ष मोजायचे. आणि तेही असे, की धोका दिसलाच तर लोकांना हलवायला वेळ मिळावा.

वॉल्टर मंक आणि विलर्ड बॅस्कम हे दोघे समुद्रशास्त्रज्ञ स्क्रिप्सच्या ‘होरायझन’ जहाजाबरोबर गेले. समुद्राखालच्या एका डोंगराच्या माथ्यावर दाबमापक ठेवायचे आणि वर तारेने ताणून बांधलेल्या छोट्या तराफ्यावर बसून त्यांची नोंद पाहत राहायची, असा बेत होता. भर समुद्रात, चांगल्या खोलीवर, तरंगती वस्तू एका जागी पक्की बांधून ठेवणे हेच तेव्हा नवे होते. पुढे समुद्रतळात खोल विवर खणण्याच्या मोहोल प्रकल्पात बॅस्कमचे नाव झाले, पण भर समुद्रात स्थिर कसे राहायचे याची तालीम अशा कामांतच झाली होती. संशयास्पद लाट दिसली, तर तराफ्यावरून जहाजाला खूण करायची आणि जहाजाने रेडिओवरून इशारा द्यायचा, की सखल बेटे रिकामी करा.

१ नोव्हेंबरला सकाळी सव्वासात वाजता माइकचा स्फोट झाला. शक्ती १०.४ मेगाटन. एलुगेलाब नाहीसे झाले आणि त्याच्या जागी सुमारे १.९ किलोमीटर व्यासाचा, ५० मीटर खोल खड्डा उरला. उतार घसरला नाही. त्सुनामी आली नाही. होरायझनवर किरणोत्सारी अवपात, म्हणजे स्फोटातून उडून खाली पडणारी धूळ, मात्र आला आणि जहाज धुवून काढावे लागले. त्यानंतर ते ‘कॅप्रिकॉर्न’ या लांबच्या सफरीवर दक्षिण प्रशांत महासागरात गेले. त्या सफरीत टोंगा गर्तेची दहा किलोमीटरहून अधिक खोली मोजली गेली. पण ती वेगळी कथा.

मिनिटांची लाट पकडायची कशी

‘लाट आली नाही’ असे म्हणायला आधी लाट दिसू शकेल असे यंत्र हवे. यंत्रच आंधळे असेल, तर त्याच्या कोऱ्या कागदाला किंमत नाही. या प्रकरणात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या भागाबद्दल.

खुल्या समुद्रात पाण्याची पातळी सतत वरखाली होत असते. दूरच्या वादळांतून आलेल्या लाटांचा आवर्तकाल दहा ते पंधरा सेकंद आणि उंची मीटर-दोन मीटर. भरती-ओहोटीचा आवर्तकाल बारा तासांहून अधिक, तीही मीटरच्या घरात. शोधायची लाट या दोघींच्या मध्ये, अर्ध्या मिनिटापासून अर्ध्या तासापर्यंत आवर्तकालाची, आणि उंची कदाचित एखादाच सेंटिमीटर. भर जत्रेत कुणी कुजबुजावे आणि ते नेमके ऐकायचे असावे, तसे हे काम.

पहिली चाळणी समुद्रच पुरवतो. लाटेचा दाब खोलीबरोबर घटतो आणि लाट जितकी आखूड तितका लवकर घटतो. बारा सेकंदांच्या लाटेची तरंगलांबी खोल पाण्यात सुमारे २२५ मीटर असते. १०० मीटर खोलीवर तिच्या दाबाचा जेमतेम सहा टक्के भाग उरतो आणि २०० मीटरवर अर्धा टक्काही नाही. तीन मिनिटांची लाट त्याच खोलीवर जवळजवळ जशीच्या तशी जाणवते. म्हणून यंत्र पुरेशा खोलीवर बसवले, की रोजच्या लाटा आपोआप गळतात. दुसरी चाळणी यंत्रातच करावी लागे. दाब घेणारा कप्पा एका बारीक केशनळीने दुसऱ्या कप्प्याला जोडायचा. भरतीसारखा संथ बदल त्या नळीतून हळूहळू दोन्हीकडे सारखा होतो, त्यामुळे फरक उरत नाही आणि नोंदही होत नाही. काही मिनिटांच्या बदलाला मात्र नळीतून निसटायला वेळ मिळत नाही, तो कागदावर उमटतो. मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस अशी यंत्रे वापरायला सुरुवात केली होती. स्क्रिप्सच्याच विल्यम व्हॅन डॉर्न यांनी पुढे ती सुधारली आणि एकाकी बेटांवर नेऊन बसवली.

बेटे निवडण्यातही विचार होता. बंदरातल्या भरतीमापकावर लाटेची नोंद होते, पण ती बंदराच्या आकाराने बिघडते. बंदराचे पाणी स्वतःच्या लयीत डुचमळत राहते, त्यामुळे मूळ लाट कुठे संपली आणि बंदराची कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. वेकसारखे चिमुकले बेट खोल समुद्रातून सरळ वर आलेले असते. लांब लाट त्याला वळसा घालून निघून जाते, त्यामुळे तिथली नोंद खुल्या समुद्रातल्या नोंदीच्या जवळची असते.

एनिवेटाक आणि बिकिनीच्या चाचण्या १९५८ पर्यंत चालल्या. १ मार्च १९५४ चा १५ मेगाटनांचा ‘ब्राव्हो’ त्यांतलाच. लगूनच्या आत आणि बाहेर स्क्रिप्सच्या गटांनी लाटांच्या नोंदी घेतल्या. अणुस्फोटांनी समुद्रपृष्ठावर उठणाऱ्या लाटांबद्दलचा व्हॅन डॉर्न यांचा शोधनिबंध १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला.

दूरवरच्या यंत्राला स्फोट कसा ‘दिसतो’, हे आकड्यांत सांगतो. बिकिनी ते वेक ८६५ किलोमीटर, वाटेतली खोली पाच हजार मीटर धरू. खूप लांब लाटेचा वेग सेकंदाला सुमारे २२० मीटर, म्हणजे ती पासष्ट मिनिटांत पोचेल. दोन मिनिटांच्या आवर्तकालाच्या लाटांचा समूह सेकंदाला ११० मीटरने जातो, त्याला सव्वादोन तास लागतील. एक मिनिटाच्या लाटांचा समूह सेकंदाला सत्तेचाळीस मीटरने जातो, तो पाच तासांनी येईल. एका क्षणात झालेला धक्का वेकच्या कागदावर चार तासांवर पसरतो. आधी लांब आवर्तकालाच्या लाटा, मग क्रमाने आखूड. या क्रमावरूनच तो ओळखायचा आणि उगमाचे अंतरही काढायचे.

चार दिवसांनी आलेली तुलना

माइकला चार दिवसही पुरते झाले नव्हते, तेव्हा ४ नोव्हेंबर १९५२ रोजी, ग्रीनिच वेळेप्रमाणे सायंकाळी पाच वाजायच्या सुमारास, कामचटकाच्या किनाऱ्याजवळ ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच्या त्सुनामीने सेवेरो-कुरिल्स्क हे गाव धुऊन नेले, दोन हजारांहून अधिक माणसे गेली. हवाईला नुकसान झाले आणि प्रशांत महासागराच्या चारही बाजूंच्या भरतीमापकांवर ती लाट उमटली.

हे दोन प्रसंग लागोपाठ आल्यामुळे बॉम्बनेच भूकंप घडवला का, अशी शंका कुणालाही येईल. एनिवेटाकपासून कामचटका सुमारे ४,६०० किलोमीटर दूर आहे. तिथला ताण एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकताना दीर्घकाळ साठत आला होता. त्या दोन घटनांचा संबंध नाही. पण शेजारी ठेवून पाहायला याहून चांगली जोडी मिळाली नसती.

अनेकजण इथे ऊर्जेची तुलना करतात: भूकंप बॉम्बपेक्षा कितीतरी मोठा, म्हणून त्याची लाट मोठी. हे अर्धेच खरे आहे आणि दिशाभूल करणारे आहे. २६ डिसेंबर २००४ ची हिंदी महासागरातली त्सुनामी घ्या. लाटेत असलेली तिची ऊर्जा ४.२ × १०¹⁵ ज्यूल होती असा अंदाज आहे. म्हणजे सुमारे एक मेगाटन. माइकची एकूण ऊर्जा त्याच्या दहापट. निव्वळ ऊर्जेवर ठरायचे असते, तर माइकने प्रशांत महासागर ढवळून काढायला हवा होता.

निर्णायक असते ती उगमाची रुंदी. कामचटकाला समुद्रतळाची सहाशे किलोमीटरहून लांब पट्टी हलली. तिच्यावरचे तळापासून पृष्ठभागापर्यंतचे सगळे पाणी एकदम उचलले गेले. एवढ्या रुंद उगमातून निघालेल्या लाटेची तरंगलांबी समुद्राच्या खोलीच्या कित्येक पट असते. तिचे सगळे घटक जवळजवळ एकाच वेगाने चालतात, ती विस्कटत नाही आणि महासागर ओलांडूनही एकसंध राहते. माइकचा खड्डा दोन किलोमीटरचा आणि बाहेरचा समुद्र चार-पाच किलोमीटर खोल. खोलीपेक्षा अरुंद उगमातून लांब लाट फारशी निघतच नाही. निघतात त्या आखूड लाटा, आणि त्या वाटेत एकमेकींपासून सुटून विरत जातात. भीती वाटत होती ती उतार घसरण्याची, यामागचे कारणही हेच: घसरणीने उगम रुंद झाला असता.

पाण्याखेरीज

ब्राव्होच्या वेळी लोकांपर्यंत संकट पोचले ते हवेतून. किरणोत्सारी धूळ रोंगेलाप आणि उटिरिक बेटांवर पडली, जपानी मासेमारी नौकेवरच्या तेवीस जणांवर पडली. रोंगेलापच्या माणसांना दोन दिवसांनी हलवले. लाटेसाठी सखल बेटे रिकामी करण्याची व्यवस्था १९५२ मध्ये आखली गेली होती. रोंगेलापच्या माणसांना १९५४ मध्ये स्फोटाआधी हलवले गेले नाही. बिकिनीच्या १६७ रहिवाशांना १९४६ मध्ये घरे सोडावी लागली होती आणि एनिवेटाकच्या लोकांना १९४७ मध्ये. लाटांच्या मोजमापाबद्दल कितीही कौतुक वाटले, तरी ती यंत्रे ज्यांच्या समुद्रात बसवली त्यांना कुणी विचारले नव्हते, हे या प्रकरणाच्या नोंदीत यायलाच हवे.

नंतर

मार्शल बेटांवरच्या चाचण्या थांबल्यावरही प्रश्न संपला नाही, तो नौदलाकडे गेला. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मोनो तलावात टीएनटीचे स्फोट करून लाटा मोजल्या गेल्या. त्या काळातला एक निष्कर्ष आजही व्हॅन डॉर्न परिणाम म्हणून ओळखला जातो. मिनिटाच्या आसपास आवर्तकालाच्या मोठ्या स्फोटलाटा रुंद भूखंडमंचावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर, आल्या, की किनाऱ्याच्या बऱ्याच आधी, मंचाच्या कडेपाशीच फुटू लागतात आणि त्यांची बरीचशी ऊर्जा तिथेच संपते. धोका किनाऱ्यावरच्या शहरापेक्षा मंचावरच्या जहाजांना आणि पाणबुड्यांना अधिक. मराठी वाचकाला याची कल्पना यावी म्हणून सांगतो: मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर आहे आणि तरीही तिथे पाणी पंचाहत्तर मीटरच्या आसपासच खोल आहे. आपल्यासमोरचा मंच एवढा रुंद आहे. मात्र खऱ्या त्सुनामीला हा दिलासा लावू नये. तिची लाट कितीतरी लांब असते, आणि नोव्हेंबर १९४५ च्या मकरान भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती.

मे २०२२ मध्ये रशियाच्या सरकारी दूरचित्रवाणीवर, पाण्याखालच्या ‘पोसायडन’ अण्वस्त्राने ब्रिटनवर पाचशे मीटर उंच लाट घालता येईल, असे सांगितले गेले. अशा दाव्यात मेगाटनांचा आकडा नेहमी असतो, उगमाची रुंदी, पाण्याची खोली आणि किनाऱ्यापर्यंतचे अंतर कधीच नसते. हे तीन आकडे मागितले, की बेकरच्या नोंदींवरून कुणालाही हिशेब सुरू करता येतो.

यंत्रांचे पुढे चांगले झाले. ९ मार्च १९५७ ची अल्युशियन त्सुनामी वेकवरच्या यंत्राने टिपली आणि त्या एका स्वच्छ नोंदीवरून व्हॅन डॉर्न यांनी समुद्रतळ कसा हलला असावा याचे अनुमान काढले. मंक यांनी १९६३ मध्ये दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटांचा न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत माग काढला. आज हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेतले त्सुनामी इशारा केंद्र, जे २००७ पासून काम करते, बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात तळाशी ठेवलेल्या दाबमापकांच्या नोंदी पाहते. भूकंप झाल्यावर खरोखर लाट उठली आहे का, हे ते त्यावरून ठरवते आणि नसेल तर इशारा मागे घेते.